सिंबल्स कुठे ठेवलीत?

१० जुलै २०१८ ची रात्र वसई-विरारकडच्या माणसाला वेगळी सांगायला नको. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, रस्त्यावर गुडघाभर आणि कुठेकुठे कंबरभर पाणी, वीज कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. मी वसईत घरी अडकलेला. ऑफिस अंधेरीला. म्हणजे एरवी तासाभराचा प्रवास, त्या दिवशी अंधेरी आणि अमेरिका सारखीच लांब.

आणि नेमकं त्याच रात्री आमच्या एका गिऱ्हाइकाकडे आमचा प्रॉडक्ट कोसळला. एकदा नाही, चार तासांत तीनदा.

शेजारच्या काकांकडे इन्व्हर्टर होता. त्यांच्या हॉलमध्ये बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर व्हीपीएन लावून मी गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर शिरलो. कोअर फाइल पडलेली होती. जीडीबी उघडला, बॅकट्रेस मागितला. आणि समोर आलं काय, तर एकाखाली एक पत्ते, आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्नचिन्हं. ज्यांनी हे कधी पाहिलंय त्यांना ती दोन प्रश्नचिन्हं बघून पोटात काय होतं ते माहीत आहे.

फोनवर मॅनेजर विचारत होता, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "काही नाही. सिंबल्स नाहीत." तो म्हणाला, "मग कुठे आहेत?"

आजचा लेख त्या एका प्रश्नावर आहे. सिंबल्स कुठे आहेत? वरवर पाहिलं तर हा फोल्डरचा प्रश्न वाटतो. पण त्या आठवड्यात या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

जे रोज सी किंवा सी प्लस प्लसमध्ये काम करत नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपण लिहितो ती फंक्शनं, व्हेरिएबल्स, ओळी हे सगळं आपल्या सोयीसाठी असतं. प्रोसेसरला फक्त पत्ते कळतात. कंपाइलरला 'मायनस जी' असा पर्याय दिला की तो कोडबरोबर एक मोठी वहीसुद्धा लिहून ठेवतो. अमुक पत्ता म्हणजे अमुक फाइलमधली अमुक ओळ, अमुक व्हेरिएबल या क्षणी रजिस्टरमध्ये आहे की स्टॅकवर, वगैरे. लिनक्स आणि मॅकवर ही वही ज्या पद्धतीने लिहितात तिचं नाव ड्वार्फ. बायनरी फाइलच्या फॉरमॅटचं नाव एल्फ होतं, म्हणून परीकथेतल्या दुसऱ्या बुटक्याचं नाव हिला दिलं. आपल्या धंद्यातले विनोद असेच असतात :-)

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. बऱ्याच जणांना वाटतं की 'मायनस जी' लावलं की प्रोग्राम हळू चालतो. तसं नाही. जीसीसीमध्ये त्या पर्यायाने तयार होणारा कोड बदलू नये असाच नियम आहे, आणि ती वही प्रोग्राम चालताना मेमरीत चढतही नाही. ती फक्त डिस्कवर जागा खाते. पण खाते मात्र भरपूर. कोडच्या कित्येक पट मोठी वही असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून गिऱ्हाइकाला माल पाठवताना 'स्ट्रिप' नावाची कमांड चालवून वही फाडून टाकतात. शिवाय सगळ्या फंक्शनांची नावं बाहेर जाऊ नयेत असंही कंपन्यांना वाटतं, आणि त्यात काही चूक नाही.

प्रश्न असा, की फाडलेली वही टाकायची कुठे?

यात नवीन काही नाही. छोट्या चिपवर काम करणारे लोक हे पहिल्यापासून करत आलेत. पुण्याच्या केपीआयटीने २००० च्या दशकात रेनेसासच्या एच८ आणि सुपरएच चिपांसाठी ग्नूचा कंपाइलर, लिंकर, डिबगर असा सगळा संच बांधून फुकट वाटला होता. त्यावर काम केलेल्यांना आठवत असेल, चिपच्या फ्लॅशमध्ये काही शे किलोबाइट जागा. तिथे वही जाणार कशी? चिपवर फक्त कोड चढायचा, वही इंजिनियरच्या मशीनवर राहायची, आणि डिबगर दोघांची सांगड घालायचा. सर्व्हरवरच्या प्रॉडक्टचं पुढे तेच झालं. फरक एवढाच की चिप आपल्या टेबलावर असते आणि सर्व्हर दुसऱ्याच्या घरी.

लिनक्सने याचं उत्तर दोन टप्प्यांत दिलं. दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत, कारण माझी चूक त्यांच्या मधल्या फटीतच झाली.

पहिला टप्पा नावाचा. वही वेगळी काढताना बायनरीत एक चिठ्ठी चिकटवायची: 'माझी वही अमुक नावाच्या फाइलीत आहे', आणि सोबत त्या फाइलीचा सीआरसी, म्हणजे चार बाइटची बेरीज. याला डिबगलिंक म्हणतात. मग जीडीबी ती फाइल तीन ठिकाणी शोधतो. आधी बायनरी ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेच. नाही मिळाली तर त्याच फोल्डरमधल्या '.डिबग' या आतल्या फोल्डरमध्ये. तिथेही नसेल तर '/यूएसआर/लिब/डिबग' या सार्वजनिक कोठारात, आणि त्याच्या आत बायनरीचा सगळा मार्ग पुन्हा जसाच्या तसा. म्हणजे 'एलएस' ही कमांड '/यूएसआर/बिन' मध्ये असेल तर तिची वही '/यूएसआर/लिब/डिबग/यूएसआर/बिन' मध्ये. फाइल सापडली पण सीआरसी जुळला नाही, तर जीडीबी तशी तक्रार करतो आणि ती फाइल घेत नाही.

यात अडचण काय? सगळं नावावर आणि मार्गावर चालतं. बायनरी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की साखळी तुटली. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांच्या वह्यांचं नाव एकच, मग एका कोठारात दोघी नांदणार कशा?

म्हणून दुसरा टप्पा आला, ओळखीचा. २००७ साली फेडोरा ८ मध्ये बिल्ड-आयडी आला. लिंकर बायनरी तयार करताना तिच्या मजकुरावरून एक हॅश काढतो, साधारणपणे १६० बिटचा, म्हणजे हेक्समध्ये लिहिला तर ४० अंकाक्षरं. हा नंबर बायनरीच्या आत एका छोट्या नोटमध्ये बसतो. स्ट्रिप केलं तरी जात नाही. तोच नंबर वहीतही असतो. कोठारात वही ठेवायची ती या नंबराने: '/यूएसआर/लिब/डिबग/.बिल्ड-आयडी' या फोल्डरमध्ये, पहिली दोन अक्षरं हे आतल्या फोल्डरचं नाव आणि उरलेली ३८ हे फाइलचं नाव. आता बायनरीचं नाव बदला, कुठेही हलवा, काही फरक पडत नाही. जीडीबी आधी हाच रस्ता बघतो, डिबगलिंक नंतर.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट अशी की लिनक्सवर कोअर फाइल पडते तेव्हा प्रत्येक एल्फ फाइलचं पहिलं पान सहसा तिच्यात येतं, आणि त्या पानावर हा नंबर असतो. म्हणजे 'ईयू-अनस्ट्रिप' सारख्या कमांडने नुसत्या कोअर फाइलवरून सांगता येतं की मेलेला नेमका कोण होता.

मला हे सगळं २०१८ मध्ये माहीत होतं. माहीत असूनही काय केलं ते सांगतो.

आमच्या रिलीजची सिंबल्स '/यूएसआर/लिब/डिबग' मध्ये नव्हती. गिऱ्हाइकाला आम्ही ती देत नसू. ती ऑफिसातल्या बिल्ड मशीनवर होती, निदान असायला हवी होती. पण त्या दिवशी ऑफिसच्या सर्व्हर रूमचा एसी बंद पडला म्हणून मशीन बंद करून ठेवलेली, आणि ती चालू करायला कुणी तिथे पोचू शकत नव्हतं. शोधता शोधता टेस्टिंगच्या एका क्लाउड मशीनवर मला पूर्ण, स्ट्रिप न केलेला बिल्ड सापडला. फोल्डरचं नाव '२.४'. गिऱ्हाइकाकडेही २.४ च होतं. मला हायसं वाटलं.

जीडीबीने आपणहून ती फाइल घेतली नाही. नंबर जुळत नसताना तो घेणारच नाही, त्याचं काम तो चोख करत होता. मी काय केलं, तर 'सिंबल-फाइल' अशी कमांड देऊन हाताने ती फाइल त्याच्या गळी उतरवली. या कमांडला तो फारसे प्रश्न विचारत नाही. तुम्ही म्हणताय ना, मग घेतो, असा मामला.

प्रश्नचिन्हं गेली. नावं आली. वरच्या तीन ओळी अगदी पटण्यासारख्या होत्या, खाली थोडा गोंधळ होता, पण रात्री अडीच वाजता खालच्या ओळी कोण बघतं? सगळ्यात वरचं फंक्शन आमच्या टीममधल्या एका मुलाने लिहिलेलं होतं. त्याला कंपनीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. मी मेल टाकली: क्रॅश अमुक फंक्शनमध्ये आहे, अमुक फाइल. नाव त्याचं लिहिलं नव्हतं, पण फाइल कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी त्याचा फोन आला. "सर, या रिलीजमध्ये त्या फाइलला मी हात पण लावलेला नाहीये."

मी त्याला म्हटलं, "जीडीबी खोटं बोलत नाही रे."

हे वाक्य मला अजून आठवतं. जीडीबी खोटं बोलला नव्हताच. मी त्याला चुकीची वही दिली होती आणि त्याने ती प्रामाणिकपणे वाचून दाखवली होती.

झालं होतं ते असं. २.४ गिऱ्हाइकाला पाठवल्यावर आठवड्याभरात कुणीतरी एक किरकोळ दुरुस्ती करून पुन्हा बिल्ड काढला होता, आवृत्तीचा नंबर न वाढवता. तोच टेस्टिंगच्या मशीनवर पडलेला. एका फंक्शनमध्ये चार ओळी वाढल्या की त्याच्या पुढची सगळी फंक्शनं पुढे सरकतात. चाळीत मधेच एक खोली वाढवून दारांवर नव्याने नंबर टाकले आणि जुन्या यादीवरून पोस्टमन टपाल वाटत राहिला, तर पत्र रोज कुणाच्या तरी घरात पडेलच, फक्त चुकीच्या. म्हणूनच चुकीची सिंबल्स ही सिंबल्स नसण्यापेक्षा वाईट. प्रश्नचिन्हं निदान सांगतात की मला माहीत नाही.

लोकल चालू झाल्यावर मी ऑफिसात गेलो. बिल्ड मशीन चालू केलं, तर तिथल्या साफसफाईच्या स्क्रिप्टने शेवटचे पाच बिल्ड ठेवून बाकीचे कधीच उडवलेले. शेवटी खरी फाइल मिळाली ती टेस्टिंगमधल्या एका सहकारी बाईंच्या मशीनवर. पुन्हापुन्हा डाउनलोड करायला नको म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी अख्खा फोल्डर उतरवून घेतला होता. तोपर्यंत नऊ दिवस गेले होते. यावेळी मी आधी बिल्ड-आयडी पाहिला. चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळली. मग आधीच्या, रात्री वापरलेल्या फाइलचा पाहिला. पहिली दोन अक्षरंसुद्धा जुळत नव्हती. दहा सेकंदांचं काम होतं.

खरा क्रॅश मेमरी सोडण्याच्या कोडमध्ये होता. तो कोड कंपनी सोडून गेलेल्या एकाने लिहिलेला, आणि रिव्ह्यू करणाराच्या जागी माझं नाव. त्या मुलाचा काडीचाही संबंध नव्हता.

मधल्या नऊ दिवसांत त्याच्याकडून ते मॉड्यूल काढून घेतलं होतं आणि गिऱ्हाइकाबरोबरच्या कॉलवर त्याने उत्तरं दिली होती, न केलेल्या चुकीची. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माफी मागितली, रिपोर्ट दुरुस्त करून पाठवला. तो "इट्स ओके सर" म्हणाला. तीन-चार महिन्यांनी त्याने नोकरी बदलली. त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, त्याने कधी सांगितलं नाही. पण हे नव्हतं असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

असो. आता माझं म्हणणं.

गेल्या वर्षी बाबांबरोबर आगाशीकडच्या आमच्या थोड्याशा जमिनीच्या कामासाठी तलाठ्याकडे गेलो होतो. सातबाराचा उतारा म्हणजे तसा एका पानाचा कागद. कुणाची जमीन, किती, काय पीक. पण नावांच्या आजूबाजूला गोल केलेले आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. ते नाव तिथे कसं आलं, खरेदीने, वारसाने की वाटणीने, ती सगळी हकीकत उताऱ्यावर नसते. ती असते फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. उतारा हातात घेऊन फिरायचं, आणि वाद झाला की नंबर धरून वहीपाशी जायचं. मी तिथे उभा राहून बाबांना म्हटलं, "हे तर बिल्ड-आयडी आहे!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तलाठ्याला म्हणाले, "तुम्ही सांगा पुढचं."

पण खरंच विचार करा. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली. २०१४ च्या १ ऑगस्टला जिल्हा ठाण्याचा पालघर झाला. कागदाच्या डोक्यावरचा पत्ता बदलला, आमच्या उताऱ्यावरचा फेरफार नंबर तोच राहिला, म्हणून जुनी नोंद सापडली. मार्ग बदलतो, ओळख बदलत नाही. फरक आहे तो एवढाच की फेरफाराचा नंबर त्या गावापुरता असतो, शेजारच्या गावातही तोच नंबर असू शकतो. बिल्ड-आयडी मजकुरावरूनच काढलेला असल्यामुळे त्याला गावाची गरज नाही.

म्हणून माझं पहिलं मत: फोल्डरचं नाव आणि आवृत्तीचा नंबर ही ओळख नाही. '२.४' हे माणसांनी आपसात बोलायला ठेवलेलं नाव आहे. डिबगरला ते सांगू नका आणि स्वतःलाही सांगू नका.

हे फक्त लिनक्सवाल्यांचं शहाणपण आहे असंही नाही. विंडोजवर वही पीडीबी फाइलमध्ये असते. बायनरीत तिचा मार्ग लिहिलेला असतो, पण त्याबरोबर एक जीयूआयडी आणि 'एज' नावाचा आकडाही असतो, आणि जुळणी त्यांवर होते. सिंबल सर्व्हरवरचे फोल्डरही याच आकड्यांनी लावलेले असतात. मायक्रोसॉफ्ट आपल्या विंडोजची सार्वजनिक सिंबल्स अशाच सर्व्हरवरून सगळ्यांना देते, आतली खाजगी माहिती काढून. मॅकवर 'डीसिम' नावाचं गाठोडं असतं, बायनरीत आणि त्यात एकच यूयूआयडी, आणि मॅकचा स्पॉटलाइट शोध तो यूयूआयडी धरून डिस्कवर कुठेही ठेवलेलं गाठोडं हुडकतो. तीन घराणी, तिघांच्या सवयी वेगळ्या, पण तिघेही शेवटी एकाच जागी आले: नाव नको, नंबर द्या. आणि वेब किंवा मोबाइलवाल्यांनी हसू नये. तुमचा सोर्स मॅप, अँड्रॉइडची मॅपिंग फाइल, या सगळ्या त्याच वह्या आहेत. प्रॉडक्शनमधली एरर चुकीच्या सोर्स मॅपने वाचून बघा, असाच एखादा निरपराध सापडेल.

दुसरं मत जरा कडक आहे. सिंबल्स जपणं हा बिल्डचाच भाग आहे, नंतरची आवराआवर नव्हे. जोपर्यंत ती बायनरी जगात कुठेतरी चालू आहे तोपर्यंत तिची वही उडवायचा कुणालाही हक्क नाही. 'शेवटचे पाच बिल्ड' हा नियम डिस्कच्या सोयीचा आहे. गिऱ्हाइकाकडे कुठला बिल्ड चालू आहे हे डिस्कला काय माहीत?

लिनक्सच्या वितरणांनी हे केव्हाच अंगवळणी पाडून घेतलंय. डेबियनमध्ये पूर्वी पॅकेज सांभाळणाऱ्याने मनावर घेतलं तर 'डीबीजी' नावाचं वेगळं पॅकेज मिळायचं. २०१७ च्या डेबियन ९ पासून 'डीबीजीसिम' पॅकेजं आपोआप तयार होऊन वेगळ्या कोठारात जातात. कुणाच्या आठवणीवर काही सोडलेलं नाही. २०१९ च्या शेवटी एल्फयूटिल्सबरोबर डिबगइन्फोडी आला. हा साधा वेब सर्व्हर आहे. बिल्ड-आयडी द्या, वही घ्या, सोर्सही घ्या. २०२० च्या जीडीबी १० पासून डिबगर स्वतःच त्याला विचारतो. फेडोरा, डेबियन, उबुंटू, आर्च या सगळ्यांचे असे सर्व्हर आहेत. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं की 'सिंबल्स कुठे आहेत' हा प्रश्न तुम्हाला विचारावाही लागत नाही.

मग आता ही कटकट कशाला, असं कुणी म्हणेल. कारण हे सर्व्हर त्यांच्या पॅकेजांसाठी आहेत. तुमच्या कंपनीच्या बायनरीची वही फेडोरा ठेवणार नाही. तो सर्व्हर तुम्हालाच उभा करायला हवा, आणि तो उभा करणं तासाभराचं काम आहे, कारण त्याला फक्त फाइलींचं फोल्डर दाखवायचं असतं.

यावर तीन आक्षेप मी नेहमी ऐकतो.

पहिला, जागा. डिस्कला पैसे पडतात हे खरं. पण तीन माणसं नऊ दिवस अंधारात चाचपडतात त्यालाही पैसे पडतात, फक्त ते डिस्कच्या बिलात दिसत नाहीत.

दुसरा, "लागलं तर त्याच टॅगवरून पुन्हा बिल्ड करू." हा आक्षेप हुशार माणसं घेतात. तोच सोर्स, तोच कंपाइलर, तेच पर्याय, त्याच आवृत्तीच्या लायब्ररी, बिल्डच्या फोल्डरचा मार्गही तोच, असं सगळं सांभाळलं तर बाइट न बाइट तीच बायनरी काढता येते. डेबियनच्या लोकांनी या कामाला कित्येक वर्षं दिली आहेत. तुमच्या टीमने दिली आहेत का? नसतील तर फाइल जपून ठेवणं फार सोपं आहे.

तिसरा आक्षेप मला पटतो. सगळं नेटवर्कवर ठेवलं तर नेटवर्क नसेल तेव्हा काय? त्या रात्री आमच्याकडे उत्तम डिबगइन्फोडी असता, पण अंधेरीतल्या त्याच बंद खोलीत असता, तर मी तिथेच असतो. शिवाय पुष्कळ गिऱ्हाइकांच्या मशीनला बाहेरचं इंटरनेट नसतंच. म्हणून '/यूएसआर/लिब/डिबग' हे जुनं कोठार मला अजून प्रिय आहे. वही एका सर्व्हरवर, आणि तिची एक प्रत दुसऱ्या गावात. पाणी एकाच दिवशी दोन्हीकडे भरणार नाही, एवढी आशा आपण ठेवू शकतो.

आता मी काय करतो ते सांगून संपवतो. बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच 'ऑब्जकॉपी'ने वही वेगळी निघते आणि बिल्ड-आयडीच्या रचनेत कोठारात जाते. ती गेली नाही तर बिल्ड नापास. प्रोग्राम सुरू होताना लॉगच्या पहिल्या ओळीत स्वतःचा बिल्ड-आयडी छापतो, म्हणजे फोनवरून विचारलं तरी गिऱ्हाईक वाचून दाखवू शकतो. आणि तीन महिन्यांतून एकदा जुना एखादा रिलीज मुद्दाम पाडून त्याची वही खरंच सापडते का ते बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन लायब्रऱ्यांची सापडली नव्हती.

शेवटचा नियम कुठल्या स्क्रिप्टमध्ये नाही, तो मी माझ्यापुरता ठेवलाय. बॅकट्रेसवरून मेल लिहायच्या आधी दोन्ही नंबर शेजारी शेजारी ठेवून, बोट लावून वाचायचे. जुळले नाहीत तर मेलमध्ये एकच वाक्य लिहायचं: अजून माहीत नाही. मॅनेजरला ते आवडत नाही. पण त्या वाक्याने कुणाचं नाव खराब होत नाही.

सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या बिल्डवाल्याला सहज विचारा, सहा महिन्यांपूर्वीच्या रिलीजची सिंबल्स कुठे आहेत. "बघून सांगतो" असं उत्तर आलं, तर ते बघणं पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या.